नावाला हजर

नावडे कॉलनी,
१९ जानेवारी २०२५

आक्का,

नमस्कार आहेच, पण आधी दार लावून घे आणि मग पुढचं वाच. पोस्टात बसून वाचू नकोस. तुझ्या त्या काउंटरला निम्मं गाव कोपरं टेकून उभं असतं, आणि तुला ओठ हलवत वाचायची सवय आहे.

फोन का नाही केला म्हणशील. कसा करू? खोली एक. जाईचे पप्पा समोर, जाई दहावीची पुस्तकं पसरून समोर, आणि शेजारीण भिंतीला कान लावून. पत्र मात्र तुझ्याच थैलीतून येऊन तुझ्याच हातात पडेल.

आधी चांगलं सांगते. दारू सोडून यांना नव्वद दिवस झाले. तुला तो मोबाईलवरचा ग्रुप सांगितला होता ना, ‘सकाळचे आठ’? ऐंशीएक माणसं आहेत. कोण रिक्षावाला, कोण बँकेतला साहेब, सगळी एकेकाळची पिणारी. जयप्रकाश सर म्हणून आहेत करंजाड्याचे, रिटायर्ड, दहा वर्षांत थेंब नाही, ते चालवतात. नियम एकच. सकाळी आठ वाजता ज्यानं त्यानं लिहायचं, ‘हजर’. म्हणजे कालपासून घेतलेली नाही. घेतली असेल तर न लाजता लिहायचं, ‘गैरहजर’. मग कोणी ओरडत नाही. जवळपासचे लोक उठून घरी येतात, बसतात, गरज पडली तर डॉक्टरकडे नेतात. रविवारी मोबाईलवरच मीटिंग.

आता दुसरं. संक्रांतीच्या दिवशी बाजारातून येताना हे घेऊन आले. म्हणजे पोटात घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी होते आणि हे पालथे झोपलेले. फोन उशाशी. रविवारच्या मीटिंगमध्ये नव्वद दिवसांबद्दल यांचं कौतुक होणार होतं. आक्का, सोळा वर्षांत या माणसाचं कोणी कधी कौतुक केलेलं नाही गं.

तुला ठाऊक आहे, हे कांद्याच्या गोणी उचलतात. सकाळी मुकादम टोळीची नावं पुकारतो. एखादा गडी तापानं पडला तर दुसरा कोणी त्याच्या नावाला ‘हाय’ म्हणतो. एक दिवस सांभाळून घेतात. माझ्या डोक्यात तेच आलं. मी फोन उचलला आणि यांच्या नावानं ‘हजर’ लिहून टाकलं.

यांना उठल्यावर सांगितलं. मग म्हणाले, बरं केलंस.

आज मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. हे मान खाली घालून बसले होते, लोकांना वाटलं लाजतात. मी चुकले का गं? खरं सांग.

तुझी,
सुनयना

*

बोरगेवाडी, ता. पाटण,
२८ जानेवारी

सुने,

अख्ख्या गावाची पत्रं मी वाटते आणि मला कोणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून तुझं पाकीट बघून आधी हरखले. मग वाचलं. ओठ मिटून वाचलं हो.

चुकलीस कशी? घरचा माणूस एक दिवस पडला तर घरच्यानं झाकायचं नाही तर कोणी? नव्वद दिवस मातीत घालायचे होते का एका दिवसापायी? मी असते तर मीही तेच केलं असतं. तू आपली उगाच जीव खातेस. पाण्यात पाय घालायच्या आधीच हुडहुडी भरते तुला, लहानपणापासूनचं आहे हे.

आता माझं ऐक. आपल्या किसनाला मी त्या ग्रुपमध्ये घातलंय, कृष्णात या पूर्ण नावानं. तोंड वासू नकोस. मी माहेरी परत आले ती नवरा गेल्यावर दोन घास शांतपणे खाईन म्हणून, तर इथं धाकट्या भावाचं हे. गीतांजली लेकराला घेऊन आईकडं गेली त्याला आता दोन महिने झाले. परवा मी तिच्याकडं जाऊन आले. पोर वाईट नाही. म्हणाली, आक्का, पाडव्यापर्यंत नीट राहिले तर पाडव्याला येते. पण तुमच्या शब्दावर नाही, मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मग तुमच्या त्या सरांना फोन केला. ते म्हणाले, घरच्यांना ग्रुप बघता येतो, लिहिता येत नाही. तिलाही घेतलंय बघायला.

आणि मुख्य गोष्ट. नव्या माणसाला एक जुना जोडीदार देतात ना? सरांनी विचारलं, ओळखीचं कोणी आहे का? मी म्हटलं, आहे की, आमचे धनाजीराव, शंभर दिवस झाले त्यांना. झालं. किसनाचे जोडीदार धनाजीराव. किसना म्हणाला, दाजींना जमलं तर मलाही जमंल. त्याच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

एकदाच झालं ना ते? एकदाच असेल. धनाजीरावांना माझा नमस्कार सांग, जाईला म्हणावं गणित जप.

कुंदन

*

नावडे,
९ फेब्रुवारी

आक्का,

मला विचारायचं तरी होतंस. जोडीदार म्हणजे काय खेळ आहे का? समोरच्याला सुटेना झालं की तो वेळीअवेळी लिहितो आणि आपण धीर द्यायचा. हे सकाळी पाचला निघतात, दुपारी येतात ते थकून. सरांना सांगून किसनाला दुसरा कोणी दे ना. बँकेतले साहेब आहेत, चांगले बोलतात.

इकडे तसं सगळं ठीक आहे. ते एकदाच झालं. हे थोडे थकतात हल्ली, हात कापतात जरा, पण ओझ्याचं काम आहे, कापणारच. जाईची परीक्षा एकवीसला सुरू होते. तोवर घरात शांतता पाहिजे, म्हणून मीच यांना फार बोलत नाही. बोललं की चिडतात. थकलेला माणूस चिडतोच.

किसनाचे मेसेज येतात. यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून उत्तरं मी लिहिते, हे सांगतात तसं. परवा त्यानं विचारलं, दाजी, संध्याकाळी चार वाजले की जीव नुसता वरखाली होतो, काय करू? लिहिलं, आंघोळ कर, ताक पी, आणि घराबाहेर पडायच्या आधी मला लिही. तासानं त्याचा निरोप आला, बरं वाटलं. आक्का, मला रडूच आलं. आपला किसना. लहानपणी माझ्या परकराला धरून शाळेत यायचा.

तो रोज हजर लिहितो हे बघून फार बरं वाटतं गं.

सुनयना

*

बोरगेवाडी,
२५ फेब्रुवारी

सुने,

दोन आठवडे उत्तर लिहायला घेतलं आणि ठेवलं.

तुझ्या एका पत्रात ‘थकून’, ‘थकतात’, ‘थकलेला’ असं तीन वेळा आलंय. हात कापतात हेही आलंय. मी वीस वर्षं लोकांची पत्रं वाचून दाखवतेय, मला कळतं कुठं काय लपवलंय. पण मी विचारणार नाही. विचारलं आणि तू खरं सांगितलंस तर मी काय करू? पाडवा एक महिन्यावर आहे. धनाजीराव सकाळी हजर लिहितात, त्यावर इकडचं सगळं उभं आहे. तुमच्या सरांनी रविवारी त्यांचं नाव घेऊन सांगितलं म्हणे, असा निग्रह पाहिजे. गीतांजलीनं मला फोन करून ऐकवलं.

किसनाचं छान चाललंय. रोज आठ वाजून दोन मिनिटांनी हजर, चुकत नाही. मी स्वतः बघते ना. तब्येत सुधारतेय. आता पुढचं विचारू नकोस, लोक आलेत पोस्टात.

तू धनाजीरावांना तेवढं सांभाळ, पाडव्यापर्यंत. नंतर आपण दोघी बसून काय ते बोलू.

कुंदन

*

नावडे,
१६ मार्च

आक्का,

आज सगळं लिहिते. तू विचारलं नाहीस तरी लिहिते, कारण आता मला एकटीला झेपत नाही.

ते एकदाच नव्हतं. संक्रांतीनंतर चार दिवस बरे गेले, मग रोजचं सुरू झालं. तेव्हापासून यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेले हजर दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील, बाकीचे सगळे माझे. फोन आता माझ्याच पिशवीत असतो. हे मागतही नाहीत. मुकादमानं महिन्यापूर्वीच सांगितलं, गोण घेऊन पडलास तर कोणाच्या गळ्यात, घरी बस. आता सकाळपासून पितात. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. पायांना सूज आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं की शिव्या.

रविवारच्या मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवते. सर म्हणतात, धनाजी, दोन शब्द बोला की. मी टाइप करते, घसा बसलाय. महिनाभर यांचा घसा बसलेला आहे आणि कोणाला काही वाटत नाही. इतका विश्वास आहे त्यांचा.

मागच्या आठवड्यात कामोठ्याच्या सुधीर रिक्षावाल्यानं गैरहजर लिहिलं. अर्ध्या तासात त्याच्या घरी तीन माणसं. त्याला आंघोळ घातली, दवाखान्यात नेलं, दिवसभर आळीपाळीनं बसले. मी इकडे फोन हातात घेऊन ते वाचत होते आणि शेजारी हे ओकत होते. मनात आलं, आमच्याकडे कधी येतील? मग लक्षात आलं, कसे येतील, आम्ही तर हजर आहोत.

आता विचारशील, मग लिहीत का नाहीस गैरहजर? किसनामुळे. खरंच सांगते. रोज आठ दोनला त्याचं हजर येतं आणि मला दिवस ढकलायला बळ मिळतं. एक घर बुडालं तर बुडालं, माहेरचं तर तरतंय. त्याचे मेसेज बघ कसे असतात: ‘दाजी, घरात कुणापाशी बोलता येत नाही, तुमचाच आधार आहे.’ आता या माणसाला मी कसं सांगू की तुझा आधार तीन दिवस अंथरुणात पडलाय?

काल त्यानं विचारलं, दाजी, तुमच्याकडं येऊन राहू का महिनाभर? मी लिहिलं, आत्ता नको, पाहुणे आहेत. आक्का, तुझ्या पाया पडते, त्याला इकडे पाठवू नकोस. त्यानं यांना असं पाहिलं तर संपलं सगळं. उद्या जाईचा शेवटचा पेपर आहे, तिला सोडायला जाताना हे पत्र पेटीत टाकते.

सुनयना

*

बोरगेवाडी,
१६ मार्च
(किसनाच्या हाती. पाकीट फोडलेलं असलं तर मला कळव.)

सुने,

किसना दारात उभा असेल. आधी त्याला पाणी दे, मग हे वाच.

तुझं ते जानेवारीचं पत्र आलं तेव्हा मी तुला शाबासकी दिली होती. दिली ती दिली, पण वळण मलाही लागलं. किसना नऊ दिवस नीट राहिला. दहाव्या दिवशी गटारापाशी पडलेला लोकांनी उचलून आणला. मी त्याचा फोन काढून घेतला आणि आठ वाजता त्याच्या नावानं हजर लिहिलं. त्यानंतर रोज मीच. पोस्ट उघडायच्या आधी, चहा टाकते आणि लिहिते. गीतांजली तिकडं बघते आणि मला फोन करून हसते. ते हसणं बंद करायचं धाडस माझ्यात नव्हतं.

आणि ते धनाजीरावांना मेसेज जायचे ना, तेही माझेच. सुरुवातीला, किसना गप्प राहिला तर सरांना शंका येईल म्हणून लिहिलं. मग सवय लागली. चार वाजता जीव वरखाली व्हायचा तो माझा, किसना कुठल्या अवस्थेत घरी येतोय म्हणून. धनाजीराव एवढी चांगली उत्तरं द्यायचे, सुने! मला माहीत आहे तू टाइप करतेस, पण शब्द त्यांचे ना. सोसलेल्या माणसालाच असं बोलता येतं. माझ्या नवऱ्यानंही मला कधी एवढा धीर दिला नव्हता.

म्हणून हे धाडस करतेय. पाडव्याला चौदा दिवस राहिलेत. धनाजीरावांच्या सावलीला राहिला तर किसना अजून ताळ्यावर येईल. पाहुणे आहेत म्हणाले, असू देत, हा कोपऱ्यात झोपेल. एक दिवस घसरले असतील, तुझ्या पत्रावरून मी काय काय मनात आणलं होतं, पण पाच महिने हजर असलेला माणूस आहे तो. मला दुसरा कोणी दिसत नाही.

त्याचा फोन मी ठेवून घेतलाय. आठचं मी बघते. इकडची काळजी नको.

कुंदन

*

पनवेल,
२९ मार्च

आक्का,

फोनवर तू विचारलंस, पाच दिवसांत नेमकं काय झालं. मला तेव्हा बोलता आलं नाही. किसनाला घेऊन तुम्ही गेलात आणि मी इथं दवाखान्यात यांच्या खाटेशी. आज यांनी डोळे उघडलेत. बाकावर बसून लिहिते आहे.

सोमवारी संध्याकाळी किसना आला. दारातच म्हणाला, दाजी कुठायत? हे भिंतीला टेकून बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं हा आता परत फिरेल. पण नाही. तो आत आला आणि यांच्याशेजारी बसला, आणि दोघंही हसायला लागले. लाजून हसतात ना तसं. मी स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून तुझं पत्र वाचत होते. त्याच दिवशी तुझ्याकडे निघालेल्या माझ्या पत्रात हेच तर लिहिलं होतं, आणि यांची म्हणून तुला आलेली ती उत्तरंही माझीच होती.

तुला तेव्हाच फोन करायला हवा होता. पण आक्का, मंगळवार-बुधवार दोघांनीही घेतली नाही. एकमेकांना बघून घेतली नाही. थरथरत होते, घामानं भिजत होते, पण जाईबरोबर पत्ते खेळले. मला खरंच वाटलं, तुझंच बरोबर होतं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता हे म्हणाले, मुकादमाला भेटून येतो, किसनालाही टोळीत लावतो. दोघं निघाले. दुपारी आले नाहीत. रात्रीही नाही. फोन करायचा तर कोणाला? यांचा फोन माझ्या पिशवीत आणि किसनाचा तुझ्या कपाटात. आपणच काढून घेतले होते.

शुक्रवारी आठ वाजता मी हजर लिहिलं. का लिहिलं ते विचारू नकोस. हात गेला. दोन मिनिटांनी किसनाचं आलं. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं, दोघं बाजारात गेलेत. दिवसभर मी एकटी शोधत होते, गुत्त्यांवर, पुलाखाली, स्टेशनवर. बाईमाणूस गुत्त्यावर विचारायला गेलं की काय काय ऐकावं लागतं ते तुला लिहीत नाही.

शनिवारी आठ वाजले. मी फोन समोर ठेवून बसले होते, लिहिलं नव्हतं. आठ दोनला आलं, ‘कृष्णात: हजर’. मला पक्कं माहीत होतं की ते तूच लिहितेस. तरी सांगते आक्का, क्षणभर मला वाटलं, किसना आहे, कुठंतरी बसून लिहितोय. मी एवढी खूश झाले! मग भानावर आले आणि मला स्वतःची भीती वाटली. मी लिहिलं, ‘धनाजी गैरहजर. कृष्णातही गैरहजर.’

एक फोन संपेस्तोवर दुसरा. सर म्हणाले, कुठं आहेत? मी म्हटलं, माहीत नाही. कधीपासून? गुरुवारपासून. म्हणाले, आणि कालचं हजर? त्यांनी पुन्हा विचारलं नाही. अकरा जणं बाहेर पडली. मला दोन दिवसांत जे जमलं नाही ते त्यांनी साडेतीन तासांत केलं. कळंबोलीला ट्रक उभे असतात त्यांच्या मागच्या गवतात सुधीरला दोघं सापडले. हे श्वास घेत होते.

किसनाचं डॉक्टर म्हणाले, उलटी घशात अडकली, त्याच सकाळी साधारण आठच्या सुमारास गेला असावा. शुक्रवारी सापडला असता तर वाचला असता का, हे मी विचारलं. विचारायला नको होतं. डॉक्टर हो म्हणाले.

सुनयना

*

बोरगेवाडी,
५ एप्रिल

सुने,

दिवसकार्य झालं. तुझं सोळा तारखेचं पत्र त्या शनिवारी दुपारच्या थैलीतून आलं होतं. शिक्का मीच मारला. तुझा फोन येऊन तासही झाला नव्हता.

गीतांजली पाडव्याच्या दिवशी राहायला आली. येणार म्हणाली होती तशी आली, पांढऱ्या कपाळानं. तीन दिवस माझ्याजवळ बसून किसनाच्या फोनमधले मेसेज वाचत होती. ते आपल्या दोघींचे. म्हणाली, आक्का, शेवटी शेवटी किती शहाणं बोलायला लागले होते हो. असा माणूस मला एक महिना तरी मिळायला हवा होता. मी भाकरी थापत होते, ती थापतच राहिले.

मग म्हणाली, डॉक्टरांच्या कागदावर आठ लिहिलंय, आणि यांनी आठ दोनला हजर लिहिलंय. म्हणजे हे शेवटपर्यंत शुद्धीवर होते. यांनी घेतलेली नव्हती. दाजींनी बळं पाजली आणि मारलं. माझे भाऊ उद्या पोलिसात जाणार आहेत.

सुने, खोटं सांगत नाही, एक क्षण मला गप्प बसावंसं वाटलं. किसना तिच्या मनात चांगला राहिला असता. मग मी पिठाच्या हातानं तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. हजर मी लिहिलं. मेसेज मी लिहिले. त्या शनिवारी आठ दोनला मी चहा गाळत होते. फोनही त्याच्यापाशी नव्हता, माझ्यापाशी होता.

ती उठली, लेकराला कडेवर घेतलं आणि त्याचा फोन घेऊन निघून गेली. जाताना म्हणाली, माझा नवरा जिवंत होता तेव्हा मला सांगायचं होतं, मी आले असते.

तू मला जानेवारीत विचारलं होतंस, मी चुकले का, खरं सांग. मी मोठी बहीण. मला तेव्हा खरं सांगायचं होतं. आता एवढंच सांगते, काही झालं तरी धनाजीरावांच्या नावाला पुन्हा हात लावू नकोस.

कुंदन

*

नावडे,
२४ एप्रिल

आक्का,

यांना अकरा तारखेला घरी आणलं. लिव्हरचं फार थोडं शिल्लक आहे म्हणतात. डॉक्टरांनी यांच्या देखत मला सांगितलं, आता एकदा जरी घेतली तरी मी काही करू शकणार नाही. हे ऐकत होते.

फोन मी यांच्या हातात दिला. सरांना दोघांनी मिळून सगळं सांगितलं. त्यांनी पाच महिने पुसले आणि पहिल्या दिवसापासून मोजायला लावलं. मला माझ्या नावानं ग्रुपमध्ये घेतलंय, आता घरच्यांनाही लिहिता येतं, तो नियम आपल्यामुळे बदलला. बारा दिवस यांनी स्वतः लिहिलं. बोट कापतं, एकेक अक्षर शोधतात, मी दुसरीकडे बघते. किसनाचं नाव घरात कोणी काढत नाही. रोज जेवताना हे मात्र एक घास बाजूला काढून ठेवतात.

आज सात वाजता दूध आणतो म्हणून गेले. फोन खिशात घेऊन गेले, मी बघितलंय. डेअरी खालीच आहे, पाच मिनिटांची वाट. साडेसातला मी खाली जाऊन आले. डेअरीवाला म्हणाला, आलेच नाहीत.

तेव्हापासून तुला लिहायला बसले आहे, नाहीतर हात नुसते वळवळतात. आठ वाजले. सगळ्यांचे हजर येतायत, एकामागून एक. यांचं नाही. फोन लावला, वाजतोय, उचलत नाहीत. आठ पाच. जाई म्हणते, मम्मी, थोडं थांब, लिहितील. रेंज नसेल. रस्त्यात कोणी भेटलं असेल. मलाही तेच वाटतंय गं, मनापासून वाटतंय. दहा मिनिटं थांबलं तर काय बिघडतंय, उगाच माणसाची अब्रू जायची.

आठ आठ. मी माझ्या नावानं लिहिलं: ‘धनाजी गैरहजर. सातपासून घरी नाहीत. मी सुनयना.’

सरांचा फोन येऊन गेला, ते निघालेत. सुधीर खाली आलाय, हॉर्न देतोय. मी जाते.

सुनयना